पान खरं, फोटो खोटा

"पानाचा फोटो कशाला काढायचा? पान तर हायच की तितं," तात्या म्हणाले.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. दुपारची जेवणं झाली होती. ते ओसरीवर सुपारी कातरत बसले होते आणि मी मांडीवर लॅपटॉप घेऊन त्यांना माझं नवं काम दाखवत होते. एका चौकटीत कुठल्याही वेबसाइटचा पत्ता टाकायचा, बटण दाबायचं, की थोड्या वेळात त्या पानाचा फोटो समोर. त्यांनी दोनतीनदा करून बघितलं आणि मग हा प्रश्न विचारला.

"तात्या, ही पानं रोज बदलतात," मी म्हणाले. "आज जे दिसतंय ते उद्या असेलच असं नाही. फोटो काढून ठेवला की आजचं पान आजचंच राहतं."

त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "मंजी साक्षीदार म्हण की."

मला तो शब्द फार आवडला. बारामतीला परत गेल्यावर मी तो माझ्या मैत्रिणीला सांगितला. तीही खूश झाली. "तात्यांनी एका शब्दात संपवलं बघ. आपण गिऱ्हाइकाला अर्धा तास समजावत बसतो," ती म्हणाली.

आमची वस्ती कऱ्हाटीच्या बाजूला, कऱ्हा नदीपासून आत, जिरायती पट्ट्यात. आमची मूळ मेंढरांची माणसं. माझे आईवडील दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचे ते पावसाळ्याच्या तोंडावर परतायचे. मला शाळेत जायचं होतं, म्हणून तात्यांनी आणि काकूंनी मला गावात ठेवून घेतलं. शाळेत पालक म्हणून तात्याच यायचे. पुढं कळप विकला, सगळेच शेतीला लागले, पण तोवर मी तात्यांच्या घरचीच झाले होते. मला कॉम्प्युटरला घालायचं त्यांनीच ठरवलं. भावकीतल्या लोकांनी नाकं मुरडली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तिला कळतंय तर शिकू द्या की."

मैत्रीण मला कॉलेजात भेटली. ती भवानीनगरची. वडील साखर कारखान्यात नोकरीला, राहायला कारखान्याच्या वसाहतीत. हंगाम सुरू झाला की आमच्या घरातल्या उशांनासुद्धा मळीचा वास येतो, असं ती हसत सांगायची. बारामतीच्या हॉस्टेलवर आम्ही एका खोलीत होतो. मी अबोल आणि ती कुणाशीही बोलू शकणारी. मी प्रोग्रॅम लिहायचे, ती तो सरांना समजावून सांगायची, आणि मार्क दोघींना सारखे पडायचे. यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. मला बोलायचं नसायचं आणि तिला लिहायचं नसायचं, त्यामुळं जोडी जमली होती.

शनिवारी ती माझ्याबरोबर गावाला यायची. काकू तिच्यासाठी मुद्दाम लसणाचा ठेचा करायच्या, कारण तिच्या घरी तिखट कमी खातात. पहिल्यांदा आली तेव्हा तिला चुलीसमोर बसून भाकरी थापायला शिकायची हौस होती. तिची भाकरी तव्यावर टाकताना तुटली आणि काकू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. तात्या तिला "भवानीनगरच्या बाई" म्हणायचे. पुढं पुढं तेही गेलं. मला हाक मारायचे तशीच तिलाही "पोरी" म्हणायला लागले.

शिक्षण संपल्यावर आमच्याबरोबरच्या बऱ्याच मुली पुण्याला गेल्या. आम्ही दोघींनी बारामतीतच भिगवण रोडला एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली घेतली. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, मंगल कार्यालयांच्या वेबसाइट करून द्यायचो. गिऱ्हाईक आणायचं काम तिचं आणि बाकीचं माझं.

ते पानांच्या फोटोंचं काम इंदापूरच्या एका गृहस्थांमुळं निघालं. त्यांचं लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं केंद्र होतं. ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं येणाऱ्या माणसाला साइटचं नाव लक्षात राहत नाही. ती दिसते कशी, एवढं राहतं. मला असं एक पान करून द्या, की त्यावर सगळ्या साइटचे चेहरे ओळीनं लावलेत. माणूस बोट ठेवील आणि म्हणेल, ही."

मला कल्पना एकदम पटली. ते चेहरे हातानं काढून लावले असते तर आठवड्यात शिळे झाले असते. म्हणून मी जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्रॅम लिहायला घेतला. इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेल्या एका दूरच्या मशीनवर, पडद्याशिवायचा ब्राउझर आपोआप उघडायचा. तो पानावर जायचा, सगळं येईपर्यंत थांबायचा, फोटो काढायचा आणि पुढच्या पानाकडं वळायचा. रोज सकाळी ताजे फोटो. ते लहान करून रांगांमध्ये मांडायचे, बोट ठेवलं की मोठे होतील, पुन्हा दाबलं की खरी साइट उघडेल.

इंग्रजी पानं सुरेख आली. मराठी पानं आली ती नुसत्या रिकाम्या चौकटींची. अक्षराच्या जागी चौकट, पुन्हा चौकट. ते मशीन कुठल्या तरी परदेशातलं, त्याला मराठी अक्षरं ठाऊकच नव्हती. त्यात फाँट घालावा लागणार होता. कुठला घालायचा, यावर आम्ही दोघी पूर्ण दुपारभर बसलो. मला कुठलाही चालला असता. तिला मात्र बहुतेक फोनवर दिसतो तो उभ्या दांड्याचा ल नको होता.

"आपल्याला शाळेत शिकवलेला ल पाहिजे," ती म्हणाली. "पाकळीसारखा, दोन गोल असलेला. बाईंनी पाटीवर गिरवून घेतलेला."

आम्ही तसा फाँट शोधला. तो मशीनवर चढवला आणि पुन्हा फोटो काढले. चौकटी गेल्या आणि पानंच्या पानं मराठीत आली, आमच्या शाळेतल्या ल सकट. ज्या साइटना स्वतःची अक्षरं नव्हती, त्या सगळ्या आमच्या मशीनवर आमच्या अक्षरात उघडत होत्या. आम्ही खोलीत अक्षरशः नाचलो. तिनं खाली जाऊन भेळ आणली. इंदापूरच्या गृहस्थांनी ते पान केंद्रातल्या मोठ्या टीव्हीवर लावलं आणि आम्हाला बघायला बोलावलं. एक म्हातारी बाई टीव्हीजवळ गेली आणि एका चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "ही, ही. मागल्या येळी हीच उघडली होती." मैत्रिणीनं माझा हात घट्ट दाबला. तो क्षण मी अजून नीट आठवू शकते. त्याच्याविषयी काय वाटून घ्यावं हे मात्र आता कळत नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी तिनं मला आणखी एक गोष्ट मागितली. "फोटो काढायच्या आधी पानावरचा मजकूर बदलता येईल का? म्हणजे बघ, एखाद्या दुकानदाराला दुसऱ्या दुकानाची साइट आवडली, तर त्याच पानावर त्याचं नाव टाकून फोटो दाखवायचा. तुमची साइट अशी दिसेल म्हणून. लगेच पटेल त्याला."

ते अवघड नव्हतं. ब्राउझरमध्ये पान उघडलं की त्यातला कुठलाही शब्द जावास्क्रिप्टला बदलता येतो. खऱ्या साइटला धक्का लागत नाही, फक्त आपल्यासमोरच्या पानात बदल होतो. मी एक छोटी सोय करून दिली. पानावरच्या ओळीवर क्लिक करायचं, हवं ते लिहायचं, चित्र हवं तर तेही बदलायचं, मग फोटो. तिनं लगेच एका मंगल कार्यालयाच्या मालकाला तसा फोटो दाखवला आणि त्याच बैठकीत काम मिळवून आणलं. मी तिचं कौतुक केलं. त्या मशीनचा पासवर्ड आम्हा दोघींनाच ठाऊक होता.

त्या वर्षी आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि तात्या सरपंचपदाला उभे राहिले. त्यांना राजकारणाची हौस नव्हती. वस्त्यांवर टँकरच्या पाण्याचं वाटप वर्षानुवर्षं एकाच बाजूला झुकत होतं. त्याविषयी ते ग्रामसभेत बोलायचे, आणि लोकांनीच त्यांना आग्रह केला. प्रचाराचा नारळ फोडायला मैत्रीण आली होती. काकूंनी तिला माझ्याबरोबरच ओवाळलं. तात्यांचा पत्रकावरचा फोटो तिनंच काढला, लिंबाखाली खुर्ची टाकून. ती त्यांना म्हणाली, "तात्या, सरपंच झालात की ग्रामपंचायतीची साइट आम्हीच करणार. आधीच सांगून ठेवते."

"तुमी न्हाय तर कोण करनार?" तात्या म्हणाले.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी मी बारामतीच्या खोलीत एकटीच होते. मैत्रीण घरी काम आहे म्हणून भवानीनगरला गेली होती. चुलत भावाचा फोन आला. हा तात्यांचा मुलगा, मी त्याला दादा म्हणते. त्याचा आवाज चढलेला होता. "व्हॉट्सॲप बघ. आत्ताच्या आत्ता बघ."

तालुक्यातल्या बातम्यांच्या एका साइटच्या पानाचा फोटो होता तो. वर त्यांचं नाव, त्यांचे रंग, बाजूला त्यांच्याच जाहिराती. मधे ठळक बातमी होती. तात्यांनी लढत सोडली आणि समोरच्या पॅनेलला पाठिंबा दिला. खाली तात्यांचा पत्रकावरचा फोटो आणि त्यांच्या तोंडी दोन वाक्यं, गावाच्या विकासासाठी आपण हा निर्णय घेत आहोत अशी.

मी त्या साइटवर जाऊन बघितलं. तिथं अशी बातमी नव्हतीच. मी दादाला तसं सांगितलं आणि मिळेल त्या गाडीनं गाव गाठलं. तात्या ओसरीवरच होते आणि समोर लोक जमले होते.

"मी हितं बसलोय, तुमच्या म्होरं," तात्या सांगत होते. "मी कुणाला पाठिंबा दिला न्हाय."

"आवो पण फोटो हाय की," एकजण म्हणाला. "पेपरवाल्यांच्या पानाचाच फोटो हाय. त्यांनी काय उगंच लिवलंय?"

दुसरा म्हणाला, "आता मोबाईलवर बातमी दिसंना मंजी तुमीच काढाय लावली असंल. कायतरी बोलणं झालं असंल तुमचं. आमाला सांगायचं तरी व्हतं, तात्या."

हे वस्तीवरचेच लोक होते. ज्यांच्या पाण्यासाठी ते उभे राहिले होते, तेच. मी पुढं होऊन साइट उघडून दाखवली. लोकांनी एकदा माझ्या फोनकडं आणि एकदा त्यांच्या फोनकडं बघितलं. त्यांच्या फोनवर फोटो होता आणि माझ्या फोनवर नुसतं एक पान होतं, ज्यात ती बातमी नव्हती. नसलेली गोष्ट कशी दाखवणार?

मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. काकूंनी पाण्याचा तांब्या दिला. मी तो फोटो मोठा करून बघत होते. कुठंतरी जोड दिसेल, रंग सांडलेला दिसेल, असं वाटत होतं. पण कुणी चिकटवाचिकटव केलेलीच नव्हती. पान अखंड होतं, सरळ ब्राउझरमधून निघालेलं. मग माझी नजर 'पॅनेलला' या शब्दावर थांबली. दोन्ही ल पाकळीचे होते. मी ती साइट माझ्या फोनवर पुन्हा उघडली. तिथं उभ्या दांड्याचा ल. दादाच्या फोनवर, काकूंच्या फोनवर, सगळीकडं दांड्याचाच. फोटोत मात्र आमच्या शाळेतला.

काकू काहीतरी विचारत होत्या. मला ऐकू येत होतं, पण अर्थ लागत नव्हता. मी मैत्रिणीला फोन लावला. तिनं उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. मी मनात तिच्यासाठी सबबी शोधत होते, हे आठवलं की आता स्वतःचा राग येत नाही, कीव येते. पासवर्ड चोरला असेल. कुणी खोलीत शिरलं असेल. तिच्यावर कुणी दबाव आणला असेल.

दुसऱ्या दिवशी मतदान झालं. निकालात तात्या थोडक्यात पडले. गुलाल उधळत समोरची मिरवणूक आमच्या दारावरून गेली तेव्हा तात्या दार लावून आत गेले नाहीत, ओसरीवरच बसून राहिले. मिरवणूक गेल्यावर दादानं मला गोठ्याकडं बोलावलं.

"एक विचारू? राग मानू नको," तो म्हणाला. "असले पानांचे फोटो काढायचं मशीन तुझ्याकडं हाय ना? तूच दाखवलं व्हतंस आमाला."

"दादा, मी केलं असं वाटतंय तुला?"

"मला न्हाय वाटत. लोक बोलत्यात." एवढं बोलून त्यानं मान फिरवली आणि म्हशीच्या दाव्याची गाठ उगीचच सोडून पुन्हा बांधली. तात्यांनी तर मला काहीच विचारलं नव्हतं. ते माझ्याशी बोलत होते, पण माझ्याकडं न बघता.

मी तशीच उठून भवानीनगरला गेले. दार तिच्या आईनं उघडलं. "अगं ये ये, पोहे टाकते," म्हणून त्या आत वळल्या. मैत्रीण बाहेरच्या खोलीत फोन बघत बसली होती. मला बघून ती उठली आणि म्हणाली, "बाहेर जाऊ या." वसाहतीतल्या रस्त्याकडेला बदामाची झाडं आहेत, तिथं आम्ही उभ्या राहिलो.

"तो फोटो आपल्या मशीनवरचा आहे," मी म्हणाले.

"कुठला फोटो?"

"ल बघ." मी फोन तिच्यापुढं धरला. तिनं फोनकडं बघितलंसुद्धा नाही. बघायची गरजच नव्हती तिला.

तिनं पायाशी पडलेलं बदामाचं पान चपलेनं बाजूला सारलं. मग म्हणाली, "गिऱ्हाईक आलं होतं. त्यांनी मजकूर दिला, मी पान करून दिलं. ते कुठं पाठवणार हे मी विचारलं नाही."

"तात्यांचं नाव तू टाइप केलंस ना? त्यांचा फोटो तू लावलास ना? तूच काढलेला?"

"तात्या तसेही निवडून येत नव्हते," ती म्हणाली. "तू बारामतीत राहतेस, तुला गावातलं कळत नाही. मी चौकशी केली होती."

तिनं चौकशी केली होती. तात्या पडणार का याची, आणि मग निश्चिंतपणे काम घेतलं होतं. मला वाटलं होतं, ती रडेल. किंवा मी रडेन. दोघीही रडलो नाही.

"त्या लोकांच्या ओळखी तुला माहीत नाहीत," ती पुढं बोलू लागली, गिऱ्हाइकाशी बोलताना असतो त्या समजुतीच्या आवाजात. "इंदापूर, बारामती, दोन्हीकडची कामं येणार होती आपल्याला. आपल्याला म्हणतेय मी. तुझाही त्यात वाटा होताच ना?"

"मग मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

एवढं ती अगदी सहज बोलली. माझ्या मनाला ते जितकं लागलं तितकं बाकी काहीच लागलं नाही. ती मला पूर्ण ओळखत होती. मी काय म्हणेन, मला काय दुखेल, सगळं तिला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असल्यामुळंच तिनं मला वगळून सगळं बेतलं होतं.

"मी पोलिसांत तक्रार करणार आहे," मी म्हणाले.

"कर की. मजकूर बदलायची सोय कुणी लिहिलीय? मशीन कुणाच्या नावावर घेतलंय?" ती म्हणाली. "मी तुला घाबरवत नाही. पुढं काय होईल ते सांगतेय."

आतून तिच्या आईनं हाक मारली, पोहे गार होतायत म्हणून. मी आत गेले नाही. फाटकातूनच निघाले.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा तात्या एकटेच होते. काकू देवळात गेल्या होत्या. मी लॅपटॉप उघडून त्यांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. ल दाखवला, मशीन दाखवलं, ती काय म्हणाली तेही जसंच्या तसं सांगितलं. तिचं नाव आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

मग मी त्यांना करून दाखवलं. तीच बातम्यांची साइट उघडली, ठळक ओळीवर क्लिक केलं आणि तिथं काहीतरी भलतंच लिहिलं. फोटो काढला. मग खरं पान पुन्हा उघडून दाखवलं. तिथं जुनीच ओळ होती.

"मंजी पान खरं, फोटो खोटा," तात्या म्हणाले.

"हो."

त्यांनी पडद्याकडं बराच वेळ बघितलं. "मग एक कर," ते म्हणाले. "मी निवडून आलो, असं लिव."

मला वाटलं, ते चेष्टा करतायत. चेहरा तसा नव्हता. मी ठळक ओळीच्या जागी त्यांचं नाव लिहिलं, सरपंचपदी विजयी लिहिलं, आणि फोटो काढून त्यांच्यापुढं धरला. हुबेहूब बातमी. तात्या लॅपटॉपवर वाकले, एकेक अक्षर वाचलं. मग पाठ टेकून बसले.

"पूस ते," ते म्हणाले.

मी पुसलं. थोड्या वेळानं मी विचारलं, "तात्या, तुम्हाला वाटलं होतं का, मीच केलं म्हणून?"

ते खोटं बोलले असते तर मला चाललं असतं. पण त्यांना कधी जमलं नाही ते.

"त्या राती वाटलं," ते म्हणाले. "सकाळच्याला न्हाय वाटलं. पण त्या राती वाटलं, पोरी."

तक्रारीचं मी काढलं तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. "तुझं मशीन, तुझं नाव. पोलीस आधी तुझ्या दारात येतील. मला सरपंच व्हायचंच न्हाय आता." मी वाद घातला. माझं नाव आलं तर येऊ दे, असं मी म्हणाले. ते ऐकेनात. शेवटी म्हणाले, "तिनं हेच धरलं व्हतं. मी तुला म्होरं करनार न्हाय, हे तिला ठावं हाय. खाल्लंय ना आपल्या घरी."

त्या बातम्यांच्या साइटनं नंतर खुलासा छापला, ती बातमी आमची नव्हे म्हणून. तो खुलासा कुणी कुणाला पुढं पाठवला नाही. मी ते मशीन बंद केलं, खोलीतलं माझं सामान उचललं. इंदापूरच्या गृहस्थांना फोन करून सांगितलं की तुमचं पान यापुढं चालणार नाही. ते म्हणाले, "अहो, चालू आहे की. तुमच्या मैत्रिणीनं दुसरीकडं हलवून दिलं." तिच्याकडं माझ्या प्रोग्रॅमची प्रत होती. आता ती ते काम मोठ्या प्रमाणावर करते. तिच्या साइटवर पहिल्याच पानावर चेहऱ्यांच्या त्या रांगा आहेत, मी मांडल्या होत्या तशाच, अंतर न अंतर तेच. खाली लिहिलंय, आमची निर्मिती. ते 'आमची' आदरार्थी असावं, मी त्यात नाही.

मी आता पुण्यातल्या एका कंपनीसाठी बारामतीतूनच काम करते. काम चांगलं आहे. कुणी एखाद्या पानाचा फोटो पुरावा म्हणून पाठवला की बाकीचे त्यावर बोलू लागतात आणि मी आधी मूळ पान उघडते. सहकारी म्हणतात, तू फार संशयी आहेस. मी पूर्वी नव्हते.

दोन महिन्यांपूर्वी इंदापूरला लग्न होतं, दादाच्या सासुरवाडीकडचं. तात्या, काकू आणि मी गेलो होतो. पंगतीची वाट बघत उभे असताना मैत्रीण समोरून आली, मोरपंखी साडीत. तिनं आधी काकूंना बघितलं आणि सरळ येऊन पाया पडली. काकूंनी तिला उठवून मिठीच मारली. तात्यांनी काकूंना काहीच सांगितलेलं नव्हतं. मला वाटायचं की त्यांनी सांगितलं असेल, आणि त्यांना वाटत होतं की काकूंना हे सोसणार नाही. काकूंच्या लेखी, आम्हा दोघींचं काहीतरी बिनसलं होतं, पोरीपोरींचं बिनसतं तसं.

"किती दिवस आली न्हाईस गं? सुकलीस बघ," काकू तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या. "रविवारी ये. ठेचा करते."

"येते ना काकू," ती म्हणाली आणि काकूंच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता तरी तिची नजर खाली जाईल. गेली नाही. ती हसली, जुनंच हसू, भेळ घेऊन जिना चढून यायची तेव्हाचं. तात्यांना तिनं लांबूनच नमस्कार केला. तात्यांनी हात जोडले नाहीत, पण काकूंच्या देखत तोंडही फिरवलं नाही. ते मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले.

परत येताना काकू गाडीत मागं माझ्याशेजारी होत्या. "गुणाची पोर हाय," त्या म्हणाल्या. "तूच जरा पडतं घे."

पुढच्या सीटवर तात्यांनी काच खाली केली. मी काकूंना "बघू" म्हणाले.